शब्दचर्चा : ‘ग्रॅपलर’, ‘मॅचअप’ आणि फडातले शब्द

पंचवटीकर :
आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी फायटिंग गेम्सवर, म्हणजे दोन लढवय्ये समोरासमोर झुंजतात त्या व्हिडिओ गेम्सवर, एक लेख लिहीत आहे. कॉलेज रोडवर खेळायला जमणारी आमची मंडळी ‘ग्रॅपलर’ (पकडून आपटणारा लढवय्या), ‘मॅचअप’ (कोणासमोर कोण), ‘न्यूट्रल’ (कोणाचाच कब्जा नसलेली अवस्था) हे शब्द सर्रास वापरतात. परंतु हे खेळ कधीच न खेळलेल्या वाचकासमोर ते तसेच ठेवले, तर पहिल्या परिच्छेदालाच तो पुढे निघून जाईल. मुख्य अडचण ‘स्ट्रीट फायटर’ या गेममधल्या दोन लढवय्यांविषयीच्या एका वाक्याची आहे : ‘झांगीफची गाइलविरुद्धची मॅचअप वाईट आहे.’ येथे ‘सामना’ लिहावे, तर कालपरवा झालेली एखादी लढत रंगली नाही, असा अर्थ निघतो. ‘मॅचअप’ला काय म्हणावे, आणि ‘ग्रॅपलर’साठी ‘मल्ल’ चालेल का?

भगूरकर :
‘मॅचअप’साठी आपल्याकडे ‘जोड’ हा शब्द तयारच आहे. जत्रेच्या फडात कुस्ती लावण्यापूर्वी पंचमंडळी दोन्ही पैलवानांचे वजन, वय आणि तयारी पाहून जोड ठरवतात. मग ती तोलामोलाची असते, ‘काटा जोड’ असते, किंवा ‘ही जोड जुळत नाही’ अशी ओरड प्रेक्षकांतूनच होते. लढत सुरू होण्याआधी, कोणासमोर कोण उभा आहे एवढ्यावरून जो अंदाज बांधता येतो तो ‘जोड’ या शब्दात आहे, ‘सामना’ या शब्दात नाही. खेळणारे ‘सात-तीन’ किंवा ‘सहा-चार’ म्हणतात तेव्हा त्यांचा हिशेब हाच असतो : दोघेही खेळाडू सारख्याच तयारीचे असतील, तर दहा लढतींपैकी कोणाच्या वाट्याला किती याव्यात. म्हणून आपले वाक्य ‘झांगीफला गाइलची जोड जड जाते’ असे लिहावे.

मात्र ही जोड जड का जाते, हे सांगितल्याशिवाय शब्द वाचकाच्या मनात ठरणार नाही. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये खेळण्यासाठी आठ लढवय्ये निवडता येत, त्यांपैकी झांगीफ हा धिप्पाड रशियन कुस्तीगीर, आणि त्याची सारी भिस्त प्रतिस्पर्ध्याला कवेत घेऊन आपटण्यावर. गाइल पडद्याच्या दुसऱ्या टोकाला दबा धरून ‘सॉनिक बूम’ हे दुरून फेकायचे अस्त्र सोडत राहतो. तो अडवावा, तर झांगीफ जागच्या जागी थबकतो. त्यावरून उडी घ्यावी, तर गाइल उलटी कोलांटी घेत लाथ मारून त्याला हवेतच पाडतो. ‘डबल लॅरिएट’ ही हात पसरून घेतलेली गिरकी असले अस्त्र अंगावरून जाऊ देते खरी, पण ती घेण्याची वेळ चुकली की शिक्षा ठरलेली. अशा रीतीने मधले अंतर कापण्यातच त्याची बरीचशी शक्ती खर्ची पडते.

एकदा जवळ पोहोचला, की पारडे फिरते. फटका अडवता येतो, पकड अडवता येत नाही. साधी पकड वेळेवर बटण दाबून सोडवता येते; झांगीफच्या ‘स्पिनिंग पाइलड्रायव्हर’ या गिरकी घेत आपटण्याच्या पकडीतून तशी सुटका नाही. समोरच्याने उडी मारावी, मागे सरावे, नाहीतर पकड बसण्याआधी फटका मारावा. आणि यांपैकी तो काय करील हे ताडून झांगीफने त्याला गाठावे. पाठीमागे पडद्याचा कोपरा असेल, तर मागे सरण्याची वाटही बंद होते. पैलवानाची जोड जड जाते ती अंतर कापताना. हाताच्या अंतरावर आल्यानंतर तो सहसा कोणालाच हलका जात नाही. म्हणूनच ‘न्यूट्रल’ला मी ‘खडाखडी’ म्हणेन. दोघेही उभे, एकमेकांचा अंदाज घेत, हात लावून पाहत, अद्याप कोणाचाच कब्जा नाही, ही अवस्था या एका शब्दात पूर्ण येते.

सातपूरकर :
‘खडाखडी’ निःसंशय घ्यावा. ‘जोड’ही घ्यावा, पण एक भेद लक्षात ठेवून : फडात पंच जोड लावतात ती बरोबरीची व्हावी म्हणून, आणि गेममधली जोड कोणी लावलेली नसते, ज्याने त्याने आपला लढवय्या निवडला की ती आपोआप पडते, मग ती कितीही विषम असो. २०२० साली महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले, तेव्हा दोघेही काका पवारांच्या तालमीतले, एकमेकांचे डाव तोंडपाठ असलेले होते. गेममध्ये याच्या जवळ जाणारी स्थिती म्हणजे झांगीफसमोर झांगीफ. बाकी बहुतेक जोडींत एक पकडायला धावतो आणि दुसरा पकड टाळायला; कुस्तीत असे क्वचित.

याच कारणाने ‘मल्ल’ मला पटत नाही, कारण मल्ल म्हटले की समोरही मल्लच डोळ्यांसमोर येतो. कोणी ‘पकडबाज’ सुचवण्याआधीच सांगतो, की आमच्या औद्योगिक वसाहतीत ‘पकड’ म्हणजे तार पिळण्याचे हत्यार, त्यामुळे तो शब्द कानाला विचित्र लागतो. ‘वजनदार’ हे विशेषणही टाळावे, कारण मराठीत माणसे वजनदार होतात ती बहुधा निवडणुकीच्या आसपास.

शिवाय वजन आणि पकड या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ‘गिल्टी गिअर स्ट्राइव्ह’ (२०२१) मधला पोटेमकिन धिप्पाडही आहे आणि संथही. त्याला धावता येत नाही, उडी मारल्यावर हवेतल्या हवेत झेप घेता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याला मार सोसत पुढे रेटणारा ‘हॅमर फॉल’ दिला आहे, आणि समोरून आलेले अस्त्र परतवणारी टिचकीही. उलट ‘टेकन’मधला किंग हाही पकडीवरच जगतो, पण त्याला अवजड म्हणता येणार नाही, आणि त्या खेळात अस्त्रफेकीचा भडिमार फारसा नसल्याने त्याच्यासमोर अंतराचा प्रश्नच निराळा होतो.

भगूरकर :
भेद मान्य आहे. ‘ग्रॅपलर’साठी मग ‘पैलवान’ घ्यावा. तो तालमीत असतो, रस्त्यावर असतो, आणि समोर पैलवानच हवा अशी त्याची अट नाही. मुलेही खेळताना ‘तू पैलवान घे’ असेच म्हणतात.

किंगचा उल्लेख निघालाच आहे, तर पकडींचे दोन प्रकार लेखात अवश्य वेगळे दाखवावेत. ‘टेकन’मध्ये समोरचा कोणता हात पुढे आणतो हे पाहून डाव्या किंवा उजव्या बुक्क्याचे बटण, आणि दोन्ही हात आले तर दोन्ही बटणे, क्षणार्धात दाबून पकड सोडवायची असते, किंगच्या साखळी पकडींत तर एक डाव चुकला तरी पुढच्या कडीला पुन्हा संधी मिळू शकते. ही ‘सुटणारी पकड’. झांगीफची ती ‘न सुटणारी पकड’. अशा पकडीला खेळणारे ‘कमांड ग्रॅब’ म्हणतात; त्याचे शब्दशः भाषांतर करून ‘आज्ञा पकड’ लिहिणे कृपया टाळावे.

न सुटणाऱ्या पकडीची किंमत मात्र खेळाडूच्या मनगटाला मोजावी लागते. स्पिनिंग पाइलड्रायव्हरसाठी जॉयस्टिकची दांडी गोल फिरवायची असते, आणि त्या वर्तुळात ‘वर’ ही दिशा येतेच; ती लागली की झांगीफ पकडण्याऐवजी उडी मारतो. म्हणून जाणकार खेळाडू आधी एखादा हलका फटका मारतात आणि त्या फटक्याची हालचाल चालू असतानाच वर्तुळ उरकून घेतात. ‘स्ट्रीट फायटर सिक्स’ (२०२३) मध्ये हलक्या बुक्क्याच्या बटणाने ही पकड घातली तर ती सर्वांत लांबून बसते पण कमी दुखवते, जोरदार बुक्क्याच्या बटणाने घातली तर जास्त दुखवते पण अगदी खेटून उभे राहावे लागते. आणि हवेत हात मारून चुकली, तर समोरच्याला वाटेल ते करण्याइतकी फुरसत मिळते.

पंचवटीकर :
‘जोड’, ‘खडाखडी’, ‘पैलवान’ आणि ‘न सुटणारी पकड’ हे चारही घेतो. आता आपण म्हणता तो हलका फटका : तो अडवायला लावून, समोरचा अडवण्याच्या पवित्र्यात असतानाच त्याला पकडणे, याला आम्ही ‘टिक थ्रो’ म्हणतो. त्यासाठी ‘हूल देऊन पकडणे’ लिहावे का?

सातपूरकर :
नाही. हुलीत फटका दाखवायचा असतो, मारायचा नसतो. टिक थ्रोमध्ये फटका खरोखर मारला जातो, समोरचा तो खरोखर अडवतो, आणि अडवताना जखडलेला तो हालचालीला मोकळा होतो त्याच क्षणी पकड घातली जाते. कारण ‘स्ट्रीट फायटर’मध्ये अडवण्यात जखडलेला असेतोवर त्याला पकडताच येत नाही. त्यामुळे ‘टिक थ्रो’ तसाच ठेवून पुढच्याच वाक्यात उलगडावा. हूल खरी लागू पडते ती पैलवान अंगावर उडी घेतो, समोरचा वरून येणारा फटका अडवण्यासाठी उभा राहतो, आणि फटका न मारताच जमिनीवर उतरून पैलवान त्याला उचलतो तेव्हा. त्याला मात्र बेलाशक ‘हुलीची उडी’ लिहावे.