मदत हवी आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधसाठ्याचं काम शिकण्यासाठी परवानगी कोणाकडून?

पुण्यात बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे औषध निर्माण अधिकारी म्हणून सरकारी आरोग्य सेवेतच जायचं आहे. आठव्या सत्रात सोशल अँड प्रिव्हेंटिव्ह फार्मसी आहे. क्षयरोग, मलेरिया, लसीकरणाचे कार्यक्रम पाठ होतात. पण वार्षिक मागणी कशी काढतात, ई-औषधीवर (सरकारी औषधसाठ्याची ऑनलाइन प्रणाली) नोंद कशी होते, मुदत आधी संपणारा साठा आधी कसा फिरवतात, लसींची शीतसाखळी (लसी सतत ठरावीक थंडाव्यात ठेवणं) रोज कशी सांभाळतात, हे वर्गात बसून कळत नाही, आणि केंद्रावर रुग्णाला औषध मिळणं यावरच अवलंबून असतं. सहाव्या सत्रानंतरचं १५० तासांचं प्रशिक्षण मी खाजगी रुग्णालयाच्या फार्मसीत केलं. तिथे बिलिंगच जास्त.

हवेली तालुक्यातल्या एका केंद्रात विचारलं. वैद्यकीय अधिकारी चांगलं बोलले, पण वरून लेखी परवानगी आणा म्हणाले. कॉलेज शिफारसपत्र द्यायला तयार आहे, फक्त कोणाच्या नावाने हे त्यांनाही माहीत नाही.

मानधन नको. शनिवार आणि परीक्षेनंतरचा पूर्ण महिना देऊ शकते. हवेली, मुळशी किंवा महापालिकेचा दवाखाना, काहीही चालेल.

पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचं की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना? महापालिकेत कोणाकडे? कोणी अशी परवानगी मिळवली असेल तर सोबत कोणती कागदपत्रं लागली?