फॅमिली ग्रुप: लंडनचा फ्लॅट आणि हीटिंग

मी (लंडन): फ्लॅट आवडलाय. पण आत घर-पाणी गरम करणारा बॉयलरच नाही! एजंट म्हणतो हीट नेटवर्क आहे, ग्रीन आहे, काळजी नको.

आत्या (लीड्स): अरे थांब, घाई करू नकोस. उष्णता कशावर तयार होते ते आधी विचार. इथली बरीचशी नेटवर्कं अजून गॅसवरच चालतात.

काका (पुणे): ही काय भानगड?

आत्या: दादा, तळघरात एकच मोठा प्लांट. तिथलं गरम पाणी पाइपांतून प्रत्येक फ्लॅटला. घरात भिंतीवर फक्त एक पेटी आणि मीटर. रेडिएटर, नळ सगळं त्यावर. कंपनी मात्र बदलता येत नाही.

काका: म्हणजे टँकरवाला एकच. तो सांगेल तो भाव!

आत्या: अगदी. गॅस-विजेच्या दरांवर प्राइस कॅप, म्हणजे कमाल दराची मर्यादा आहे, हीट नेटवर्कला ती नाही. 2022 ला गॅस भडकला तेव्हा अशा इमारतींत कित्येकांची बिलं दुप्पट-तिप्पट झाली. म्हातारी माणसं हीटिंग बंद करून बसली होती. फार वाईट वाटायचं.

मी: मग तुमच्यासारखी 7,500 पौंडांची ग्रांट?

आत्या: ती बॉयलर अपग्रेड स्कीमची, स्वतःच्या घरातला बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत खेचणारं विजेवरचं यंत्र, लावणाऱ्याला. तुला नाही मिळणार. आमच्या इन्स्टॉलरनेच अर्ज केला, रक्कम कोटेशनमधूनच वजा झाली. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. पण इथे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग, त्यामुळे बिलात म्हणावी तशी बचत नाही. सरकारने हात घालायला हवा तो इथे.

आई: वन्सं, मग त्याने घेऊच नये का?

आत्या: तसं नाही वहिनी. कल्पना उत्तमच आहे. डेन्मार्कमध्ये जवळपास दोन-तृतीयांश घरं अशीच गरम होतात, पण तिथे 1979 पासून कायदा आहे आणि कंपनीला त्यात नफा काढता येत नाही. इथे जानेवारी 2026 पासून ऑफजेमची, म्हणजे ऊर्जा नियामकाची, देखरेख सुरू झाली. उशीर केला, पण केलं.

मी: मग मालकाकडे काय मागू?

आत्या: गेल्या वर्षभराची हीटिंगची बिलं. स्टँडिंग चार्ज, म्हणजे ठरावीक आकार, वेगळा बघ, उन्हाळ्यात हीटिंग बंद असलं तरी तो लागतो. आणि प्लांटची दुरुस्ती सर्व्हिस चार्जमध्ये, म्हणजे इमारतीच्या देखभाल खर्चात, धरलीय का, ते लेखी घे.

आई: एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस हं.

मी: ईमेल टाकलाय. बिलं आली की इथेच टाकतो, आत्या, तू बघ.