गिरिक म्हणजे मालकी नव्हे

इंडोनेशियात, मध्य जावातल्या केंडल-बातांगच्या औद्योगिक पट्ट्यात गिरिक हातात असलं की जमीन बिनघोर विकता येते, असं काही जण सांगतात. फसगत नेमकी इथेच होते. गिरिक हा जुन्या जमीनकराचा कागद. मूळ नोंद गावच्या कचेरीतल्या 'लेटर सी' वहीत, आणि ती बहुतेकदा अजून आजोबांच्याच नावावर! म्हणून आधी वारसदाखला आणि झाडून सगळ्या वारसांच्या सह्या (लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीचीसुद्धा). मग हद्दीच्या खुणा, शेजाऱ्यांची संमती, जमीन कार्यालयाची मोजणी. एक सही राहिली तरी पुढे दावा उभा राहतो. २०२१ च्या १८ क्रमांकाच्या शासकीय नियमाने गिरिक नोंदवायला ५ वर्षं दिली होती. ती मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली. आता तो पुरावा नाही, नुसता धागादोरा.

कारखान्याच्या कंपनीला पूर्ण मालकी म्हणजे 'हाक मिलिक' मिळत नाही. ती 'हाक गुना बांगुनान' म्हणजे जमिनीवर इमारत बांधून वापरण्याचा मुदतीचा हक्क घेते, पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० वर्षांसाठी. विकणाऱ्याने २.५ टक्के आयकर हिशेबात धरावा.

आणि 'बेंगकोक' म्हणजे गावप्रमुखाला पगारापोटी कसायला दिलेली गावची जमीन. ती त्याची नाही. तो विकायला निघाला तर इसारसुद्धा देऊ नका.