फ्लेक्सवर 'नोबेलसाठी नामांकित' छापायचं आहे. नामांकन नक्की कोण करतं?

कृष्णाकाठ (सांगली)

जत-आटपाडीकडच्या दुष्काळी पट्ट्यात पाणीवाटपावरून गावागावांत होणारे तंटे बसून मिटवणारी एक संस्था आहे. पुढच्या वर्षी तिला पंचवीस वर्षं पूर्ण होतात. गौरव समितीने तिचं नाव शांततेच्या नोबेलसाठी पाठवायचं ठरवलंय. एक मध्यस्थ म्हणतो, पस्तीस हजारांत नामांकन करून प्रमाणपत्र आणून देतो. हा प्रकार खरा असतो का? नाव पाठवायचा अधिकार कुणाला, आणि फ्लेक्सवर 'नोबेल नामांकित' लिहिलं तर चालतं का? शिवाय आमच्याच भागातल्या एका कादंबरीकारांचं नाव साहित्यासाठी सुचवता येईल का? कार्यक्रमात पदकाची प्रतिकृती द्यायचाही विचार आहे, तिचं वजन-माप कुणाला माहीत असेल तर सांगा.

मेणवली घाट

आधी ते पस्तीस हजार खिशात ठेवा. शांततेच्या नामांकनाला एक पैसाही फी नाही आणि ओस्लोची समिती नामांकनाचं प्रमाणपत्र कुणालाच देत नाही. नामांकन करणारा कोण आणि नाव कुणाचं, हे पन्नास वर्षं गुप्त ठेवायचा नियम आहे; मग प्रमाणपत्र कुठून येणार? ते इथल्याच एखाद्या डीटीपीच्या दुकानात बनणार.

शांततेचं पारितोषिक स्वीडनमधून नाही, नॉर्वेतून, ओस्लोहून दिलं जातं. तिथल्या संसदेने निवडलेली पाच जणांची समिती ते ठरवते. नाव पाठवायचा अधिकार असलेल्यांची यादी समितीने जाहीर केलेली आहे. आपल्या कामाचे त्यातले मोजके: देशाच्या संसदेचे आणि केंद्र सरकारचे सदस्य, विद्यापीठाचे कुलगुरू, इतिहास, सामाजिक शास्त्रं, कायदा, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र या विषयांचे प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक, मानद निवृत्त प्राध्यापकही, शांतता-संशोधन किंवा परराष्ट्र धोरण संस्थांचे संचालक, आणि आधी हे पारितोषिक मिळालेल्या व्यक्ती.

घोटाळा होतो तो पदात. 'आमच्या कॉलेजचे प्रोफेसर' म्हणून ज्यांच्याकडे जाल ते कागदावर सहायक प्राध्यापक निघतात, आणि ते पद यादीत नाही. रसायनशास्त्राचा किंवा वाणिज्यचा विभागप्रमुख कितीही मोठा असला तरी विषयामुळे बाद. संलग्न महाविद्यालयाच्या प्राचार्यांना कुलगुरूंच्या रांगेत धरू नका. ते स्वतः इतिहासाचे किंवा समाजशास्त्राचे सहयोगी प्राध्यापक असतील तर त्या नात्याने फॉर्म भरावा आणि पदनाम नेमणूकपत्रात आहे तसंच लिहावं. सगळ्यात सुरक्षित म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या विभागातले प्राध्यापक, नाहीतर तुमचे खासदार. एक पथ्य मात्र पाळा: नाव पाठवणारा माणूस संस्थेच्या विश्वस्त मंडळावर नसावा. स्वतःच स्वतःचं नाव पाठवलेलं विचारातच घेत नाहीत, आणि विश्वस्ताची सही त्याच वळणावर जाते.

फॉर्म समितीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. त्यात भरणाऱ्याचं नाव, पद, संस्था, उमेदवाराचं नाव आणि का द्यावं याचं निवेदन. मुदत ३१ जानेवारी, मध्यरात्र, तीही तिकडची. आपल्याकडे तेव्हा १ फेब्रुवारीच्या पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. एवढ्या भरवशावर राहू नका, डिसेंबरात मसुदा तयार ठेवा. उशिरा पोचलेलं नाव पुढच्या वर्षाच्या यादीत जातं.

निवेदनातच सगळं आहे आणि तिथंच आपली माणसं मानपत्र लिहून बसतात. 'थोर', 'अलौकिक', 'भगीरथ' हे शब्द काढून टाका. कुठल्या साली, कुठल्या दोन गावांत, किती क्षेत्राच्या पाण्यावरून भांडण होतं, मारामारी किंवा कोर्टापर्यंत गेलं होतं का, संस्थेने काय वाटप ठरवलं आणि ते आजही पाळलं जातं का, हे लिहा. नोबेलच्या मृत्युपत्रात राष्ट्रांमधला बंधुभाव, खडं सैन्य कमी करणं आणि शांतता परिषदा यांचा उल्लेख आहे, शेततळ्यांचा नाही. म्हणून 'किती बंधारे बांधले' यावर दोन पानं घालवली तर अर्ज ग्रामविकासाचा होतो. पाण्याचा आणि शांततेचा सांधा तुम्हालाच जोडून दाखवावा लागेल. तो जुळू शकतो: २००४ साली केनियाच्या वांगारी मथाई यांना झाडं लावण्याच्या चळवळीसाठी हेच पारितोषिक मिळालं, २००६ साली गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या बांगलादेशच्या मुहम्मद युनूस आणि ग्रामीण बँकेला.

ग्रामसभांचे ठराव आणि पाच हजार सह्यांचं निवेदन जोडू नका. तिथे मतं मोजत नाहीत.

आता फ्लेक्स. 'नामांकित' हा शब्द ऐकायला मोठा आणि वजनाला हलका. २०२५ साली ३३८ उमेदवार होते: २४४ व्यक्ती, ९४ संस्था. १९३९ साली स्वीडनच्या ब्रांट नावाच्या एका खासदाराने उपहास म्हणून हिटलरचं नाव पाठवलं होतं, मग मागे घेतलं. तेही नामांकनच. समितीने स्पष्ट म्हटलंय की नाव येणं म्हणजे समितीची शिफारस किंवा सन्मान नव्हे. तेव्हा छापू नका.

कृष्णाकाठ

फार उपयोगी पडलं, मेणवलीकर. पण एक शंका. खासदार चालतात तर आमदारसाहेब का नाहीत? १९४७ साली गांधीजींचं नाव बाळासाहेब खेरांनी पाठवलं होतं असं वाचलंय, आणि खेर तर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते.

मेणवली घाट

बरोबर वाचलंय. खेर, गोविंद वल्लभ पंत आणि ग. वा. मावळंकर यांनी गांधीजींचं नाव तारेने पाठवलं होतं. पण त्या दाखल्यावर आज आमदारांची सही घेऊ नका. आजच्या नियमात 'राष्ट्रीय' संसद आणि 'राष्ट्रीय' सरकार असाच शब्द आहे. विधानसभा त्यात बसत नाही. आमदारसाहेबांना उत्साह असेल तर त्यांनी खासदारांना गाठून द्यावं, तेवढं पुष्कळ झालं.

आणि खेरांनी पाठवूनही त्या वर्षी पारितोषिक क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या दोन संस्थांना गेलं. पुढच्या वर्षी, १९४८ साली, गांधीजींचं नाव पुन्हा गेलं आणि मुदत संपायच्या तोंडावर, ३० जानेवारीला, त्यांचा खून झाला. समितीने त्या साली योग्य असा हयात उमेदवार नाही म्हणून पारितोषिक कुणालाच दिलं नाही. १९७४ पासून तर मरणोत्तर द्यायचंच नाही असा नियम झालाय. जाहीर झाल्यावर माणूस गेला तरच अपवाद. पंचवीस वर्षांच्या निमित्ताने संस्थापकांचं नाव पाठवायचा विचार असेल आणि ते हयात नसतील तर संस्थेच्याच नावाने पाठवा. शांततेचं पारितोषिक संस्थेला मिळू शकतं.

यवतेश्वर

साहित्याचं मी सांगतो, कारण तिथली वाट वेगळी आहे. ते स्टॉकहोमची स्वीडिश अकादमी देते, अठरा सदस्यांची. नाव सुचवू शकतात ते साहित्याचे किंवा भाषाशास्त्राचे विद्यापीठीय प्राध्यापक, त्या अकादमीसारख्याच इतर अकादम्यांचे सदस्य, आधीचे साहित्याचे विजेते आणि देशातल्या लेखनाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या लेखक-संघटनांचे अध्यक्ष. निमंत्रणपत्र आलं नसलं तरी पात्र माणूस नाव पाठवू शकतो. मुदत तीच, जानेवारीअखेर. फेब्रुवारीत लांबलचक यादी, मे महिन्यापर्यंत ती पाच नावांवर येते, उन्हाळाभर अकादमी त्या पाच जणांचं वाचन करते आणि ऑक्टोबरात मतदान. निम्म्याहून जास्त मतं लागतात.

अडचण सहीची नाहीच, वाचनाची आहे. मराठीत पंधरा कादंबऱ्या असल्या आणि इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्वीडिश यांपैकी कशातच एक नसली, तर उन्हाळ्यात वाचणार काय? टागोरांचं नाव १९१३ साली लंडनहून टॉमस स्टर्ज मूर यांनी पाठवलं ते त्यांच्या इंग्रजी अनुवादाच्या बळावर. तेव्हा तुमच्या कादंबरीकारांसाठी पहिली दोन-तीन वर्षं चांगला अनुवादक शोधण्यात घाला. अनुवाद ब्रिटन किंवा आयर्लंडमधल्या प्रकाशकाने काढला तर आंतरराष्ट्रीय बुकर या अनुवादित पुस्तकांच्या पारितोषिकासाठी तोच प्रकाशक पुस्तक पाठवू शकतो. लेखकाने किंवा वाचकांनी पाठवून चालत नाही. पन्नास हजार पौंड, लेखक आणि अनुवादकात निम्मे-निम्मे. शेजारच्या कन्नडने हेच करून दाखवलं: २०२५ साली बानू मुश्ताक आणि अनुवादक दीपा भास्ती. जतच्या पलीकडे गेलं की कन्नडच की.

पाणीवाल्या संस्थेसाठी 'राइट लाइव्हलीहूड' हे पारितोषिक पण बघा. १९८० पासून दिलं जातं, नाव कुणीही सुचवू शकतं, फक्त स्वतःचं किंवा स्वतःच्या संस्थेचं नाही. १९९१ साली नर्मदा बचाव आंदोलनासाठी मेधा पाटकर आणि बाबा आमटे यांना मिळालं होतं. माझ्या मते तुमचं काम ओस्लोपेक्षा तिथे जास्त जुळतं.

विज्ञानाच्या पारितोषिकांचं विचारलं नाहीत ते बरंच. तिथे नाव सुचवायचं तर निमंत्रण लागतं, नाहीतर नेमून दिलेलं पद.

विट्याची मूस

पदकाचं माझ्याकडे. भौतिक, रसायन, वैद्यक आणि साहित्य यांचं पदक १७५ ग्रॅम, व्यास ६६ मिलिमीटर, १८ कॅरेट. जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने बरोबर पंधरा तोळे. निव्वळ सोनं १३१ ग्रॅमच्या आसपास. १९८० च्या आधी हीच पदकं २३ कॅरेटची, दोनशे ग्रॅमच्या घरातली असत. शांततेचं पदक वेगळ्या साच्याचं असतं, नॉर्वेच्या गुस्ताव विगेलांड यांनी घडवलेलं.

पण प्रतिकृती देऊ नका. 'नोबेल' हे नाव आणि पदकाचं चित्र नोबेल प्रतिष्ठानच्या नोंदणीकृत हक्कात आहे. साधं पितळी सन्मानचिन्ह करा.

गलाईवाल्यांसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांसाठी, एक जोड. माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या जर्मन नोबेलविजेत्या शास्त्रज्ञांची २३ कॅरेटची पदकं कोपनहेगनला नील्स बोर या शास्त्रज्ञाच्या संस्थेत ठेवायला दिली होती. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा शहरात आल्या. पदकांवर नावं कोरलेली, आणि जर्मनीबाहेर सोनं नेणं गुन्हा. हेवेशी या शास्त्रज्ञाने दोन्ही पदकं अम्लराजात, म्हणजे तीन भाग मिठाचं आम्ल आणि एक भाग शोऱ्याचं आम्ल, विरघळवली. कामाला वेळ लागला, ते साहजिक आहे: आपण आधी पत्रा मारतो नाहीतर पाण्यात दाणे पाडतो, म्हणजे आम्लाला पृष्ठभाग मिळतो. जाड गोळा तसाच टाकला तर तो कडेकडेनेच खातो. नारिंगी द्रावणाची बाटली फळीवर तशीच राहिली, कुणाला संशय आला नाही. युद्ध संपल्यावर सोनं परत काढून स्टॉकहोमला पाठवलं आणि त्याचीच पदकं पुन्हा पाडली. आपल्याकडे असं द्रावण आलं तर हिराकस (फेरस सल्फेट) टाकून सोनं तपकिरी पूड होऊन तळाशी बसवतात, धुऊन मुशीत आटवतात. घरी करू नका, वाफा वाईट असतात.

कृष्णाकाठ

फ्लेक्सवाल्याला थांबवलं. आता मजकूर एवढाच: 'पाणीतंटे मिटवण्याची पंचवीस वर्षं'. विद्यापीठात समाजशास्त्राच्या एका सहयोगी प्राध्यापक बाईंशी बोलणं झालंय, त्या विश्वस्त मंडळावर नाहीत. त्यांना मसुदा कुठल्या भाषेत द्यायचा?

मेणवली घाट

इंग्रजीत, आणि दोन पानांत. गावांची नावं मात्र इंग्रजी स्पेलिंगमध्ये सगळीकडे एकसारखी ठेवा. एका पानावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं स्पेलिंग आलं की तिकडच्या माणसाला ती दोन गावं वाटतात.