मदत हवी आहे: ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदूत गाठी करणारा जनुकीय आजार) असलेल्या बाळांच्या एमआरआयचं सेगमेंटेशन (मेंदूचे भाग वेगळे आखणं) बिघडतंय

व्हॉक्सेल: टी१ स्कॅन (एमआरआयचा एक प्रकार, टी२ दुसरा) फ्रीसर्फरमधून (मेंदूचे भाग आपोआप आखणारं सॉफ्टवेअर) काढतेय. पांढऱ्या द्रव्याची (आतल्या तंतूंचा भाग) कड सापडत नाही, अर्धा कॉर्टेक्स (बाहेरचा करडा थर) गायब. पॅरामीटर बदलून झाले. डिफ्यूजनमध्ये (पाण्याची हालचाल दाखवणारा स्कॅन) दोन्ही थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातले करडे भाग) खराब दिसतात, ते आजारामुळेच ना? शुक्रवारपर्यंत हवंय.

चष्मेवाला: वय किती? टी२ घेतलाय?

व्हॉक्सेल: ५ ते ८ महिने. टी२ आहे, वापरला नाही.

चष्मेवाला: मग पॅरामीटर काय करतील? नवजाताच्या टी१वर पांढरं द्रव्य करड्यापेक्षा काळं असतं, तंतूंवर मायलिन (चरबीचं आवरण) चढलं की उलटं. मधे, साधारण सहाव्या ते आठव्या महिन्यात, दोन्ही एकाच छटेचे. साधं फ्रीसर्फर मोठ्यांसाठी आहे. इन्फंट फ्रीसर्फर घ्या, वय महिन्यांत द्या.

मुंगीराव: तेही टी१वरच चालतं, आणि या वयात टी१च आंधळा! आयबीट (बाळांच्या स्कॅनसाठीचं, टी२ही घेणारं सॉफ्टवेअर) वापरा. टी२ आधी टी१शी रिजिड (आकार न बदलता, फक्त सरकवून-फिरवून) जुळवून दोन्ही द्या.

चष्मेवाला: आयबीट ट्यूबर (या आजारातली कॉर्टेक्समधली गाठ) ओळखणार आहे का?

मुंगीराव: दोन्ही ओळखत नाहीत. ट्यूबरला करडं धरलं की कॉर्टेक्स उगाच जाड येतो. आयटीके-स्नॅपमध्ये (स्कॅनवर भाग रंगवायचं सॉफ्टवेअर) हाताने ट्यूबरचा मास्क काढा, जाडीच्या हिशेबातून तो भाग वगळा. फक्त 'टी२वर उजळ' शोधू नका. मायलिन नसलेल्या भागात ट्यूबर टी२वर काळसर, टी१वर उजळ असतो.

अंगाईताई: भूल देऊ नका हो. दूध पाजून गुंडाळायचं, कानात प्लग, वर मफ, झोप लागली की टेबलावर.

व्हॉक्सेल: स्कॅन झालेत, ताई.

फिल्मवाचक: थॅलॅमसचं कोणीच बोललं नाही. दोन्हीकडे सारखं? ग्लोबस पॅलिडस, डेंटेट (मेंदूतले आणखी खोल करडे भाग), ब्रेनस्टेमची मागची बाजू? आणि व्हिगाबॅट्रिन (झटक्यांवरचं औषध) चालू आहे का?

व्हॉक्सेल: पॅलिडसही, सारखंच. व्हिगाबॅट्रिन बहुतेकांना आहे. ते वेगळ्या फाइलीत असल्याने लिहिलं नाही.

फिल्मवाचक: हे पहिल्या ओळीत हवं होतं! टी२ उजळ, एडीसी (पाणी किती सहज पसरतं याचं माप) कमी, दोन्हीकडे सारखं, म्हणजे आधी औषधावर संशय. डोस जास्त तशी शक्यता जास्त. कमी किंवा बंद केल्यावर बहुधा ओसरतं. स्कॅनच्या दिवशीचा डोस मिग्रॅ प्रतिकिलो लावा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही आजच कळवा.

चष्मेवाला: वयही दिवसांत घ्या. या काळात एफए (पाणी किती एकाच दिशेने पसरतं याचं माप) मायलिनमुळेच वाढतो, महिनाभराचा फरकही गटांतला फरक वाटेल. मुदतपूर्व बाळांना दुरुस्त वय (प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेलं).

व्हॉक्सेल: तिघांचा डोस रिकामा आहे.

फिल्मवाचक: नोंद मिळाली नाही तर ती तीन बाळं थॅलॅमसच्या तुलनेतून बाहेर. कॉर्टेक्सला चालतील.

मुंगीराव: आयबीटनेच!