विषय: प्रागची सहल – रेगेन्सबुर्ग ठेवायचं की गाळायचं?

प्रेषक: औग्सबुर्गच्या सभासद

सप्रेम नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या सहलीचा आराखडा वाचला. समितीने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल आभार. एक शंका मात्र मोकळेपणाने विचारते. आमची मुलं 9 आणि 12 वर्षांची आहेत, शिवाय सासूबाई येणार आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. चार दिवसांतला अर्धा दिवस रेगेन्सबुर्गमधलं खगोलशास्त्रज्ञ केप्लरांचं एक घर आणि एक स्मारक बघण्यात जाणार. प्रागमध्येही घड्याळ, टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाची कबर आणि जुन्या वेधशाळेचा मनोरा. त्यापेक्षा सरळ प्राग गाठून एक दिवस कार्लोवी वारी या गावाला ठेवला तर? बाकीच्यांना काय वाटतं?

---

प्रेषक: सहल समिती, म्युनिक

ताई, नमस्कार.

बरं झालं विचारलंत. आराखडा मी केलाय, त्यामुळे उत्तरही मीच देते. थोडं लांबेल.

काही वर्षांपूर्वी मी एका टूर कंपनीबरोबर प्राग पाहिलं होतं. चौकातल्या घड्याळापाशी आम्हाला दहा मिनिटं मिळाली. सांगाड्याने दोरी ओढली, खिडकीतून प्रेषितांचे पुतळे सरकले, सगळ्यांनी मोबाइल वर धरले आणि गाइडने छत्री उंच करून पुढे नेलं. त्या तबकडीवर काय लिहिलंय हे कुणी सांगितलंच नाही. माझं रोजचं काम मोजमापाची यंत्रं तपासण्याचं. ती तबकडी न वाचता निघावं लागलं याची रुखरुख इतकी राहिली, की यंदा मार्चमध्ये मी एकटीच परत जाऊन आले.

हे घड्याळ 1410 सालचं. कादानच्या मिकुलाशने ते घडवलं आणि त्यामागचं गणित यान शिंदेलचं मानतात. त्याच्या सर्वांत बाहेरच्या कड्यावर जुन्या वळणाचे 24 आकडे आहेत आणि ते कडं वर्षभर हळूहळू मागेपुढे सरकत असतं. जुन्या बोहेमियात, म्हणजे प्रागभोवतीच्या प्रांतात, दिवस सूर्यास्ताला संपायचा, म्हणून 24 चा आकडा रोजच्या सूर्यास्तावर यावा लागतो. आपण सूर्योदयापासून घटिका मोजत होतो, ते लोक सूर्यास्तापासून तास मोजत. आतल्या सोनेरी कमानी उजेडाच्या दिवसाचे सारखे 12 भाग करतात. त्यामुळे त्यांचा तास उन्हाळ्यात लांब आणि हिवाळ्यात आखूड होतो. सासूबाईंना ही गोष्ट चटकन कळेल. एकाच वाराच्या राहुकाळाची वेळ वर्षभर थोडी थोडी सरकते ती याच कारणाने. तिथे शांतपणे बसायला मी पाऊण तास ठेवलाय. समोर बाकं नाहीत, पण कॉफीची दुकानं आहेत.

आता रेगेन्सबुर्ग. म्युनिकहून प्रागला जाणारी गाडी तिथूनच जाते, म्हणजे वाट वाकडी करावी लागत नाही. दीड तासात पोचतो. केप्लर 15 नोव्हेंबर 1630 ला ज्या घरात वारले ते घर अजून उभं आहे. सम्राटाकडे थकलेला पगार मिळावा म्हणून ऐन थंडीच्या तोंडावर ते घोड्यावरून तिथे आले होते. आले आणि तापाने फणफणले. ज्या कबरस्तानात त्यांना पुरलं तेही पुढे तीस वर्षांच्या युद्धात नामशेष झालं. स्टेशनजवळच्या बागेत 1808 सालचं एक छोटं गोल स्मारक आहे, तेवढीच खूण. ज्याचे नियम शाळेत तोंडपाठ केले, तो माणूस पगारासाठी उंबरे झिजवताना गेला, हे त्या घराच्या दारात उभं राहिल्यावर कळतं. मला तर तिथून हलवेना.

आणि या माणसाने केलं काय? 1600 च्या फेब्रुवारीत ते प्रागजवळच्या बेनात्कीला टायको ब्राहे यांच्याकडे गेले. टायकोंकडे मंगळाचे अनेक वर्षांचे वेध होते, सगळे दुर्बिणीशिवाय घेतलेले. दुसऱ्याच वर्षी टायको वारले आणि त्या वह्या केप्लरांच्या हाती आल्या. वर्तुळाच्या जुन्या पद्धतीने गणित बसवता बसवता शेवटी गणित आणि वेध यांत 8 कलांचा फरक उरला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पौर्णिमेचा चंद्र साधारण 30 कलांचा असतो, म्हणजे फरक जेमतेम पाव चंद्राएवढा. दुसरा कुणी असता तर वेधांत चूक झाली असेल म्हणून पुढे गेला असता. पण टायकोंचे वेध 8 कलांनी चुकणार नाहीत, यावर केप्लर ठाम होते. मग त्यांनी वर्तुळच टाकून दिलं. मंगळ लंबवर्तुळात फिरतो, हे 1609 साली छापून आलं. मी रोज ज्या कामावर पोट भरते, त्याची याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही. दुसऱ्याच्या मोजणीवर इतका विश्वास, आणि त्या विश्वासापायी दोन हजार वर्षांची समजूत सोडायची!

मुलांसाठी गाडीत केप्लरांच्या आईची गोष्ट सांगेन. तिच्यावर चेटकीण असल्याचा आळ आला होता, चौदा महिने ती कैदेत होती. मुलगा धावून गेला, स्वतः बचाव लिहिला आणि 1621 मध्ये तिला सोडवून आणलं.

कार्लोवी वारी छान आहे, पण त्यासाठी पुन्हा कधीही जाता येईल. रेगेन्सबुर्ग गाळू नये, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे.

---

प्रेषक: इंगोलश्टाटचे काका

मंडळी,

समितीच्या ताईंनी 8 कलांचं लिहिलं आणि मला दृक्प्रत्यय हा शब्द आठवला. गणिताने काढलेला ग्रह आकाशात डोळ्यांना तिथेच दिसला पाहिजे, हा त्याचा अर्थ. आपल्या कोकणात, मुरुडजवळच्या नांदगावला, गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 च्या सुमारास, ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला. टायकोंच्या जन्माआधी सव्वीस वर्षं. त्यांनी ज्या-कोज्या (साइन-कोसाइन) टाळून गणित इतकं सोपं केलं, की गावोगावचे जोशी पुढची कित्येक शतकं त्यावरूनच पंचांग मांडत आले. पण काळाबरोबर फरक साचत गेला. मग 1865 मध्ये केरो लक्ष्मण छत्र्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाचा आधार घेऊन नवं पंचांग काढलं, आणि घरोघर वाद पेटले. सण खरा कुठल्या दिवशी, यावरचं भांडण मी लहानपणी माजघरात ऐकलंय. त्या नाविक पंचांगामागे केप्लरांचीच लंबवर्तुळं होती. म्हणून मलाही त्या घराच्या दाराशी जायचंय. माझं वय 74. मनोऱ्याच्या पायऱ्या किती, तेवढं सांगा.

---

प्रेषक: सहल समिती, म्युनिक

काका, क्लेमेंटिनुमच्या, म्हणजे जुन्या वेधशाळेच्या, मनोऱ्याला दीडशेहून जास्त पायऱ्या आहेत, वरच्या टप्प्यात अरुंद आणि चढ्या. लिफ्ट धरून चालू नका. ताईंच्या सासूबाईंनी चढू नये, त्यांच्यासोबत खाली कोण थांबेल ते आपण ठरवू. तुम्ही मध्यरेषेच्या दालनापर्यंत या, खरं बघायचं ते तिथेच आहे. अंधाऱ्या खोलीत भिंतीतल्या बारीक भोकातून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो आणि तिथे ताणलेल्या दोरीवरून सरकतो. कवडसा दोरीवर आला की प्रागची खरी दुपार. मग मनोऱ्यावरून झेंडा हलवून शहराला बारा वाजल्याचं कळवत. मे महिन्यात हे आपल्या घड्याळात एकच्या सुमारास होईल, म्हणून त्याच सुमाराची वेळ मागितली आहे. याच वास्तूत 1775 पासून रोजचं तापमान न चुकता नोंदवलं जातंय.

---

प्रेषक: औग्सबुर्गच्या सभासद

काल रात्री मोठ्याला गच्चीत नेलं. हात ताणून करंगळी धरली, तर चंद्र तिच्यामागे पूर्ण झाकला गेला. ‘याचा पाव भाग?’ म्हणून तो बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, दुर्बीण नव्हती तर टायकोंनी एवढं बारीक वाचलं कसं? मला सांगता येईना. आम्ही पाचही जण रेगेन्सबुर्गला उतरतोय.

---

प्रेषक: सहल समिती, म्युनिक

त्याला सांगा, यंत्र मोठं करायचं, म्हणजे अंशांच्या रेघा एकमेकींपासून लांब जातात. टायको दर दहा कलांना एक रेघ मारत आणि तशा दोन रेघांमध्ये दहा ठिपक्यांची तिरपी ओळ काढत. रोखलेली पट्टी कितव्या ठिपक्यावर आली, त्यावरून एकेक कला मोजायची. प्रागच्या राष्ट्रीय तंत्र संग्रहालयात 1600 च्या सुमाराचं षष्ठक (कोन मोजायचं यंत्र, सेक्स्टंट) आहे, एरास्मुस हाबेर्मेलच्या हातचं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिकडे जाऊ, त्याला पुढे उभा करते. पट्टी आणि पेन्सिल घेऊन ये म्हणावं, तिरपे ठिपके कागदावर तिथेच काढू.