भरतीचं वेळापत्रक आणि बोंझूर : फ्रेंच बोलणाऱ्या मासळीगावांतले अनुभव

मी हर्णैची. आता नांतला नोकरी. आमच्याकडे संध्याकाळ म्हणजे बंदरावरचा लिलाव, बैलगाडीतून येणाऱ्या टोपल्या आणि बायकांचे चढलेले आवाज. फ्रान्समध्ये सहा वर्षं काढली, आयफेल मनोरा सात वेळा दाखवून झाला (पाहुणे!), पण घरच्यासारखं वाटलं ते गेल्या ऑक्टोबरात, ल गिल्विनेकला.

ब्रिटनीच्या नैर्ऋत्य टोकाचं गाव, वस्ती तीन हजारही नाही. कँपेरपर्यंत रेल्वे, पुढे बस. गावाच्या पाटीवर फ्रेंच नावाखाली ब्रेतोन, म्हणजे ब्रिटनीच्या स्वतःच्या भाषेतलं, नाव. दुपारी पोचले तर सगळं सामसूम. वाटलं, चुकलंच. साडेचारच्या सुमारास क्षितिजावर ठिपके दिसायला लागले. पहाटेच्या आधी गेलेल्या होड्या एकामागून एक परतत होत्या आणि प्रत्येकीच्या मागे गलपक्ष्यांची वरात. धक्क्यावर जिवंत लांगुस्तीनचे क्रेट उतरले. शेवंड आणि कोळंबी यांच्या मधलं काहीतरी समजा, गुलाबी, नांग्या लांब. लिलावाच्या इमारतीवर गच्ची आहे, तिथून हे सगळं फुकट दिसतं. आतला लिलाव बघायचा तर तिथल्या मत्स्योद्योग केंद्राचं, आलियोतिकाचं, तिकीट काढायचं.

लिलावघराला फ्रेंचमध्ये ‘क्रिए’ म्हणतात. शब्दाचा अर्थच ओरडणं. आणि आत चिडीचूप! क्रेट पट्ट्यावरून सरकतात, व्यापारी बटणं दाबतात, भाव फळ्यावर उमटतो. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते म्हणाले, “हा लिलाव की दहावीची परीक्षा?”

तुमच्यापैकी कोण कोण अशा गावांत गेलंय? फ्रान्सच पाहिजे असं नाही, फ्रेंच बोललं जात असेल तिथलं कुठलंही चालेल. हॉटेलांची जंत्री नको. काय चुकलं, काय खाल्लं, कोण भेटलं ते लिहा.

*

माझं काय चुकलं ते आधी सांगतो, कारण बाकी काही झालंच नाही. रविवारी गेलो. रविवारी बस नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी खाणावळीत शिरलो. स्वयंपाकघर दोनला बंद, पुन्हा सातला. सोमवारी गावातली अर्धी दुकानं बंद. मंगळवारी माझं परतीचं तिकीट. बिस्किटं खाऊन समुद्र पाहिला. समुद्र चांगला होता.

*

वरचं वाचून हसले, कारण आम्ही कानकालला जवळपास हेच केलं, फक्त सोबत सासूबाई होत्या आणि त्या शाकाहारी. मासळीगावात शाकाहारी बाई नेणं हा धाडसी प्रकार आहे, ज्यांना करायचाय त्यांच्यासाठी लिहिते.

कानकाल म्हणजे कालवांचं गाव. धक्क्याच्या टोकाला दीपस्तंभाजवळ निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मांडव आहेत. तिथे डझनावर कालवं मागायची. शून्यापासून पाचपर्यंत आकडे असतात, आणि आकडा जितका लहान तितकं कालव मोठं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी हौसेने ‘शून्य’ मागितलं आणि तळहाताएवढं काहीतरी समोर आलं. बाई ते सुरीने उघडून देतात, लिंबू देतात, तुम्ही धक्क्याच्या पायरीवर बसून खायचं आणि शिंपली खाली किनाऱ्यावर टाकून द्यायची. गावभर कचरा न करणारे लोक इथे मात्र बिनदिक्कत फेकतात! खाली शिंपल्यांचा पांढरा उतारच झालाय. समोर, हवा स्वच्छ असेल तर, मों सें मिशेल, तो बेटावरचा मठ, दिसतो.

माझं आजोळ मालवणकडचं. मामी ओहोटीला कोयती घेऊन खडकावरची कालवं काढायची, मग सुकं. कच्चं खाणं म्हणजे आम्हाला अघोरी. पहिलं गिळलं तेव्हा समुद्राचं पाणीच प्यायल्यासारखं वाटलं. चौथ्यापासून चव कळली. सातव्याला नवऱ्याने ताट ओढून घेतलं.

आता सासूबाई. ब्रिटनीत ‘गालेत’ मिळतो, बकव्हीटच्या पिठाचा काळपट मोठा डोसाच. नेहमीचा म्हणजे त्यात हॅम, अंडं आणि चीज. आम्ही हॅम नको, अंडं नको म्हणत गेलो, आणि शेवटी चीज आणि परतलेला कांदा एवढंच उरलं. पीठ कसलं, हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुट्टूचं. क्षणभर विचार करून म्हणाल्या, “म्हणजे एकादशीला चाललं असतं की गं, कांदा नसता तर.” पुढचे तीन दिवस त्यांनी तेच खाल्लं, कांद्याशिवाय.

आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक घ्या, पर्यटन कचेरीत मिळतं. उधाणाच्या दिवसांत तिथे भरती-ओहोटीत चौदा मीटरपर्यंत फरक पडतो. सकाळी धक्क्याला लागलेलं पाणी दुपारी दिसेनासं होतं आणि जिथे समुद्र होता तिथे ट्रॅक्टर फिरत असतात. खाली कालवांच्या रांगाच रांगा, मळ्यासारख्या. तिथल्या लोकांना ‘किती वाजता भेटू’ विचारलं की ते आधी त्या कागदाकडे बघतात.

*

कोलिऊर. दक्षिणेकडे, स्पेनच्या सीमेजवळ. १९०५ च्या उन्हाळ्यात मातिस आणि दरें हे चित्रकार तिथे रंगवत बसले होते, त्यामुळे जिथे उभं राहाल तिथे त्यांच्या चित्राची प्रतिकृती लावलेली. खारवलेल्या अँचोव्हीचं गाव, पण खारवणारी घरं आता दोनच उरलीत. जुन्या कातालान होड्या शोभेला बांधून ठेवल्यात. सुंदर आहे, नाही असं नाही. पण मला मासळीचा वास न येणारं बंदर बघून जरा धास्तीच वाटली. आपल्याकडची काही गावं त्याच वाटेवर आहेत.

*

मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण दुआर्नने या गावाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

माझे बाबा लालबागला मिलमध्ये साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांची. त्यामुळे जगात कुठेही गेले तरी आधी कारखान्याची चिमणी शोधते. दुआर्नने हे सार्डिनचं, म्हणजे आपल्या तारलीच्या जातीच्या मासळीचं गाव. पुरुष समुद्रावर, बायका डबाबंद कारखान्यात. त्यांना ‘पेन सार्डिन’ म्हणत, ब्रेतोनमध्ये सार्डिनचं डोकं. डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीवरून पडलेलं नाव.

मासळी आली की कारखान्यातून बोलावणं यायचं, दिवस असो की रात्र. बारा-बारा वर्षांच्या मुली कामाला असत. मासळीची वाट बघण्यातले तास मजुरीत धरत नसत. तासाला ऐंशी सांतीम मिळायचे, शंभर सांतीमांचा एक फ्रँक. नोव्हेंबर १९२४ मध्ये त्यांनी काम थांबवलं आणि सव्वा फ्रँक मागितला. घोषणा ब्रेतोनमध्ये होती : ‘पेम्प रेआल अ व्हो’, पाच रेआल मिळालेच पाहिजेत. चार रेआलांचा एक फ्रँक, म्हणजे आपल्या चार आण्यांचाच हिशेब. मला तिथे उभ्या उभ्या आजी आठवली, “पाच पावल्या” म्हणणारी.

दोन हजारांच्या घरात कामगार, त्यांत बहुतेक बायका. गावाचे महापौर ल फ्लांशेक कम्युनिस्ट, ते संपाच्या बाजूने. १ जानेवारी १९२५ ला संपफोड्यांनी त्यांच्यावर कॅफेत गोळ्या झाडल्या. ते वाचले, पण गाव पेटलं आणि ६ जानेवारीला मालकांनी सही केली. तासाला एक फ्रँक, जादा कामाला जादा पैसे, संघटनेचा हक्क. सव्वा मागून एक मिळाला, पण मिळाला. आमच्याकडे अडीच लाख माणसं उतरली होती आणि काहीच मिळालं नाही, हे तिथे कुणाला सांगावं हे कळेना.

त्याच वर्षी त्या संपातली जोझेफिन पेंकाले नगरपालिकेवर निवडून आली. फ्रान्समध्ये तेव्हा बायकांना मतदानाचाही हक्क नव्हता, त्यामुळे निवड रद्द केली गेली.

सार्डिनच्या दुकानात एक बाई वर्ष छापलेले डबे दाखवत होत्या. तेलात मुरतात, अधूनमधून डबा उलटा करून ठेवायचा, चारपाच वर्षांनी खायचा. माझं फ्रेंच मोडकं. मी मोबाइलवर गिरणीचा जुना फोटो दाखवला, बाबा, संप, एवढे शब्द जुळवले. त्यांनी डब्यांचा ढीग बाजूला केला आणि स्वतःच्या आजीबद्दल बोलायला लागल्या. पाऊण तास बोलल्या असतील. मला निम्मं कळलं. कारखान्यात सगळ्या जणी एकत्र गायच्या, रात्री झोप येऊ नये म्हणून, एवढं नक्की कळलं.

बाकी : ‘क्विन्यामान’ तिथलाच पदार्थ, पावाच्या कणकेत लोणी आणि साखर घडीघडीने. अर्धाच घ्या, मी पूर्ण घेतला. त्रिस्तां बेटावर ओहोटीला चालत जाता येतं, पण ठरलेल्या दिवशीच. मी वेळ न बघता गेले आणि बूट भिजवून परतले. आणि त्या उपसागरात ईस नावाचं शहर बुडालंय म्हणतात, राजाच्या मुलीने बांधाच्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली म्हणून. आपली द्वारका निदान देवाच्या पाठोपाठ बुडाली. इथे दोष पुन्हा मुलीवरच.

*

फ्रान्स नाही, मॉरिशस चालेल ना? माहेबूर. बसस्थानकावर पाटी वाचून आई म्हणाली, “माहेर?” तिथून पुढे आम्ही त्या गावाला माहेरच म्हणतोय.

सोमवारी बाजार भरतो, सोमवारीच जा. कागदोपत्री इंग्रजी, वर्तमानपत्रं फ्रेंच, आणि मासळीच्या फळीवर क्रिओल. आमच्या टॅक्सीवाल्या काकांनी आईची साडी बघून विचारलं, मराठी का? त्यांचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर आले होते. त्या पणजोबांचं नाव हेच आता घराचं आडनाव. काकांना मराठी कळतं, बोलताना मात्र दर चौथ्या शब्दाला क्रिओल. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

ते आम्हाला धक्क्यावर घेऊन गेले. २०२० च्या जुलैत वाकाशिओ हे जहाज जवळच प्रवाळावर चढलं, ऑगस्टमध्ये त्यातून तेल सुटलं. त्यांनी हाताने दाखवलं, तेल कुठपर्यंत आलं होतं. गावच्या लोकांनी उसाची पात कापडात भरून लांब वळकट्या शिवल्या आणि पाण्यात सोडल्या. काकांच्या घरच्या बायका त्या शिवायला होत्या. “ज्या उसासाठी आणलं आम्हाला,” एवढंच म्हणाले, आणि पुढे मराठी सुचेना म्हणून थांबले.

नंतर त्यांनी कसाव्याची बिस्किटं खायला नेलं. एकच घराणं १८७० पासून करतंय, भट्टीला उसाचीच वाळलेली पात. कोरडी लागतात, चहा हवाच.

*

आम्ही वसईचे कोळी, आता टोरंटोत. फ्रेंच पुण्यात शिकलो, पॅरिसचं फ्रेंच. ते घेऊन क्विबेकच्या गास्पेसीत गेलो आणि पहिल्याच दिवशी तोंडावर पडलो. दुपारी बाराला ‘देज्यने’ मागितलं. फ्रान्समध्ये ते दुपारचं जेवण, इथे सकाळची न्याहारी. “ती दहालाच संपली,” बाई म्हणाल्या. उपाशी राहिलो नाही, पण त्या दिवसभर माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलल्या.

पेर्सेला समुद्रात तो भोक पडलेला प्रचंड खडक आहे, फोटो तुम्ही पाहिला असेल. बोनाव्हेंच्युर बेटावर गॅनेट पक्ष्यांची वसाहत आहे, लाखभर पक्षी. वास आधी येतो, पक्षी नंतर दिसतात. बायकोने नाक धरलं. मला आमच्या आळीत आल्यासारखं झालं.

पण लिहायचंय ते सँत तेरेझ द गास्पेबद्दल. पेर्सेहून जवळ. तिथे अजून कॉड मासा खारवून उघड्यावर वाळवतात. लाकडी खांबांवर जाळीचे लांब मांडव, त्यांना ‘व्हिन्यो’ म्हणतात. मी गाडी थांबवली तेव्हा बायकोला वाटलं चाक पंक्चर झालं. आमची मासळी वाळवायची वलांडी आणि हे, फरक एवढाच की आम्ही बोंबील टांगतो, हे मासा आडवा पसरतात.

एके काळी हा सगळा किनारा याच माशावर चालायचा. जर्सी बेटावरून आलेला चार्ल्स रॉबिन अठराव्या शतकात इथे पेढी टाकून बसला. कोळ्यांना रोख पैसे नाहीत, पेढीच्याच दुकानातून मीठ, पीठ, दोर उधार, आणि हंगामाअखेर मासा देऊन हिशेब. तो हिशेब कधी संपायचा नाही. आमच्या पणज्याला विचारलं असतं तर त्याने डोळे मिटून सांगितलं असतं पुढे काय झालं ते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मासाच संपत आला आणि कॉडची मोठी मासेमारी बंद करावी लागली. आता खेकडा आणि शेवंड यांवर गाव चालतं.

मांडवाजवळ एक म्हाताऱ्या बाई मासे उलटत होत्या. मी आमच्या किनाऱ्याचा फोटो दाखवला, ओळीने बोंबील. त्यांनी चष्मा पुसून दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला. मला वाटलं, मासा कुठला ते विचारतील.

“आणि पाऊस आला की?”

“धावतो,” मी म्हटलं.

त्या हसल्या आणि मांडवाखाली गुंडाळून ठेवलेल्या ताडपत्रीकडे बोट केलं.